गेटवरचा साबण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या डिंगोरे गावच्या शाळेपासून ज्याच्याबरोबर वाढलो त्या मित्रालाही नाही. मी सांगितली ती नेहमी दुसरीच गोष्ट — आणि ती इतक्यांदा सांगितली की आता ती माझ्या आधी पोचलेली असते. नव्या कारखान्यात पाऊल टाकलं की कुणीतरी विचारतंच, "सर, त्या आकाशी कापडाचे ठिपके तुम्हीच शोधले होते ना?"

मी हो म्हणतो. एवढंच. एका अक्षराचं काम.

गेल्या महिन्यात एका डाईंग युनिटमध्ये नव्या मुलींना शिकवायला गेलो होतो. त्यांतली एक उभी राहिली आणि माझीच गोष्ट मला सांगू लागली — सरांनी साबणाची एक वडी घेतली, सरांनी दोन बादल्या मागवल्या, सरांनी फेसावरून ओळखलं. तिच्या गोष्टीत मी फार हुशार होतो. मी ऐकत राहिलो. आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आता हिला मध्येच थांबवावं. थांबवलं का? नाही. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

एक आधी सांगतो. ही रडगाण्याची गोष्ट नाही. ही एका जिंकलेल्या लढाईची गोष्ट आहे. तशी जीत मी पुढे कुठल्याच कारखान्यात पाहिली नाही. फक्त ती माझी नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी घोडेगावच्या अलीकडे एका लहानशा डाईंग कारखान्यात डाईंग मास्तर होतो. वय तिशीच्या आत, हातात डिप्लोमा. सगळे मला मास्तर म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. सुरतेहून पॉलिस्टरचं कोरं कापड यायचं, आम्ही ते रंगवून, ताणून, घड्या घालून पुण्याला पाठवायचो. कारखान्यामागे विहीर होती, विहिरीच्या वरच्या अंगाला कालवा. सगळं पाणी त्या विहिरीचं.

पॉलिस्टरचं काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण माझा गुन्हा त्यातच आहे. सुती कापड रंग पाण्याबरोबर पिऊन घेतं. पॉलिस्टर पीत नाही. त्याचा रंग पाण्यात विरघळतच नाही, बारीक पिठासारखा तरंगत राहतो. बंद मशीनमध्ये पाणी एकशे तीस अंशांपर्यंत तापवलं की धागा सैल होतो, आणि तेव्हा कुठे ते पीठ आत शिरतं. यात चुकायला शंभर जागा. भरभर तापवलं तर कापड कुठे फिकं, कुठे गडद. मध्येच वीज गेली आणि कापड मशीनमध्ये थांबलं तर कायमचे वळ. नंतरची धुलाई कमी पडली तर घामानं रंग सुटतो. हे सगळे दोष मला लांबून ओळखू यायचे. तशी ख्यातीच होती माझी. ठाण उलगडायच्या आत मी सांगायचो, लाइट किती वाजता गेली होती.

आणि पाणी. पाणी जड असलं, म्हणजे त्यात चुना जास्त असला, तर ते रंगाचं पीठ फुटतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्या कापडावर ठिपके होऊन बसतात. म्हणून रोज सकाळी पाणी तपासायचं असतं. पाच मिनिटांचं काम. बाटलीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून औषध टाकायचं, रंग बदलला की आकडा लिहायचा. त्यासाठी माझ्या टेबलावर एक वही होती.

त्या वहीत मी रोज आकडा लिहायचो.

पाणी मात्र तपासत नव्हतो.

पहिले काही महिने तपासलं. आकडा रोज जवळपास तोच यायचा. मग एक दिवस घाईत होतो, कालचाच आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशीही. मग सवयच झाली. सोमवारी बसून शनिवारपर्यंतचे आकडे लिहून ठेवायचो, मध्येच एखादा थोडा वरखाली करून — म्हणजे खरे वाटावेत. विहीर काय रोज बदलते का, असं मनाला सांगायचो. कालव्याखालच्या गावात जन्मलेल्या माणसानं असं म्हणावं? आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, कालवा चालू असला की खालच्या विहिरी भरतात आणि कालवा बंद झाला की तळाला जातात, आणि तळाचं पाणी जड असतं. बदलते. विहीर रोज बदलते.

त्या वर्षी आमच्याकडे शाळांच्या गणवेशाचं काम आलं. आकाशी रंगाचं शर्टाचं कापड, वरच्या डोंगरी गावांतल्या शाळांसाठी. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सगळं पोचवायचं होतं. मालक पुण्याहून आठवड्यातून दोनदा यायचे. ते म्हणाले, "मास्तर, हे नीट गेलं तर कारखाना उभा राहील. नाही गेलं तर कुलूप लावायचं." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते खरं वाटलं.

कालव्याला पाणी सोडण्याचं हिवाळ्यातलं आवर्तन संपलं, कालवा कोरडा पडला, आणि मार्चमध्ये आकाशी कापडावर ठिपके आले. मोहरीएवढे, गडद निळे. वारभर कापडात पाच-सहा. फिक्या रंगावर लपायला जागा नाही. पहिला लॉट परत आला. दुसराही आला.

आता मी कमलबाईंबद्दल सांगतो. त्यांच्यापर्यंत यायला मला एवढा वेळ का लागला, ते पुढे तुमच्या लक्षात येईलच.

कमलबाई तपासणीच्या टेबलावर होत्या. रंगवलेलं कापड काचेच्या टेबलावरून सरकतं, खाली ट्यूबलाइट असते, आणि बायका दोष दिसला की तिथे खडूनं खूण करतात. अशा चार जणी होत्या. कमलबाई आणि त्यांची जाऊ या जवळच्याच गावातल्या बौद्धवस्तीतल्या, बाकी दोघी गावातल्या मराठ्यांच्या घरातल्या. कमलबाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या. सातवी शिकलेल्या, बोलायला तिखट. ठिपका हाताला लागत नसे, पण त्या बोट फिरवून सांगायच्या, "हितं हाय." आणि असायचा.

मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. ठाण टेबलावर पसरलेलं. "हे कशाचं?"

याआधी एक गोष्ट घडली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच होतो, तेव्हा एका ठिपक्यावर औषधात भिजवलेला कापसाचा बोळा घासून पाहिला होता. बोळ्यावर निळा रंग उतरला. तेलाचा डाग निळा उतरत नाही. हाताचा मळ निळा उतरत नाही. ती रंगाची गुठळी होती. म्हणजे दोष रंगाचा, रंग कालवण्याचा, नाही तर पाण्याचा — आणि तिन्ही माझ्याकडे. त्यातून कुणी पाण्याची वही मागितली तर? मी तो बोळा खिशात घातला, आणि घरी जाताना पुलावरून घोड नदीत टाकला.

मालकांनी विचारलं, हे कशाचं. मी म्हणालो, "टेबलावरच्या बायकांचे हात असतील. जेवून तसंच कापड धरतात. तेलकट बोटं लागतात, आणि पुढे ताणायच्या मशीनच्या उष्णतेनं ती गडद होतात."

शास्त्रीय वाटलं ते. मलाही क्षणभर खरं वाटलं. त्यांनी विचारलं, "मग?" मी म्हणालो, "गेटवर साबण ठेवू. आत येताना आणि जेवणानंतर हात धुवायचे आणि वॉचमनला दाखवायचे."

हात दाखवायचे. मी सुचवलं ते. दुसऱ्या कुणी नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते सुरू झालं. गेटजवळच्या नळाखाली पिवळ्या साबणाची वडी, शेजारी स्टुलावर आमचे वॉचमन नाना. चौघी रांगेत उभ्या राहायच्या, हात धुवायच्या आणि दोन्ही तळवे नानांपुढे धरायच्या. मशीनवरचे गडी शेजारून आत जायचे. त्यांच्या हाताला ग्रीस असायचं. त्यांना कुणी थांबवत नव्हतं.

पहिल्याच दिवशी कमलबाई तळवे पुढे करून म्हणाल्या, "नाना, बगताच हाय तर भविष्य बी सांगा. मुकादम व्हईन का न्हाई?"

नाना म्हणाले, "तुझ्या हातात साबणाचीच रेघ लई मोठी दिसती गं."

"मग सरपंच व्हते बगा. साबण लावल्याबिगार कोन सरपंच व्हतंय?"

सगळे हसले. मीही हसलो, खिडकीतून. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, आमच्या आज्जीचा हात लागला तर लोक पानी वतून द्येत व्हते. तुमी निदान बगून तरी घेता. सुधारना हाय म्हनायची."

तेव्हा कुणी हसलं नाही.

चौघींचे हात बघत होते, असं मी नंतर नेहमी सांगत आलो. चौथ्या दिवसापासून नाना दोघींचेच बघायचे. गावातल्या दोघींना म्हणायचे, "जा गं तुमी." माझी खिडकी समोरच होती. मी पाहिलं. बाहेर येऊन एक शब्द बोललो असतो तर नानांनी ऐकलं असतं, मास्तर होतो मी. बोललो नाही. मुद्दाम तसं करायला सांगितलं नव्हतं, एवढ्यावर मी स्वतःला सोडून दिलं.

आणि मग — कसं सांगू — ठिपके थांबले.

त्याच आठवड्यात. एकही नाही. ठाणामागून ठाण आरशासारखं. मालकांनी पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, "सांगितलं नव्हतं का?" आणि खरंच सांगतो, मला वाटू लागलं की हातच होते. नदीत टाकलेला बोळा मी विसरलो. माणूस किती लवकर विसरतो. टेबलावरच्या बाकीच्या दोघी कमलबाईंच्या जावेशी बोलेनाशा झाल्या. दोष सिद्धच झाला होता ना? हात धुतले आणि ठिपके गेले. याहून मोठा पुरावा कोणता?

त्याच आठवड्यात कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकीशिवाय.

एप्रिल संपता संपता कालवा बंद झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात ठिपके परत आले. पूर्वीपेक्षा जास्त. मालक आले आणि म्हणाले, "शनिवारी चौघींना घरी पाठवा. सोमवारी दुसऱ्या आणू. ह्या ऐकत नाहीत." मी मान हलवली. गुरुवार होता तो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर कमलबाई माझ्या ऑफिसच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. हात कोपरापर्यंत ओले.

"मास्तर, येक इचारू का?"

"विचारा."

"त्यो साबण बदलला का तुमी?"

"नाही. तोच आहे."

"मग फेस का न्हाई?" त्यांनी तळवे पुढे केले. बोटांच्या बेचक्यात पांढरट, चिकट गाळ. "धा-पंधरा दिसामागं ह्योच साबण, ह्योच नळ, फेस नुसता उतू चालला व्हता. लुगड्यावर सांडायचा. आता बगा, दही फुटल्यावानी व्हतंय. घरी बी तसंच. हितलं पानी आमी घरी न्हेतो, तर डाळ शिजंना झालीय. कालवा व्हता तवर शिजत व्हती. कालवा बंद झाला तवाधरनं ही गत. आन् ठिपकं बी तवाधरनंच हायेत. मी रोज खडू मारते, मला ठावं हाय. आता हाताचा काय संबंध आसंल वो मास्तर?"

मी त्यांच्या तळव्यांकडे पाहत होतो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं दुसरं पान त्यांच्या हातावर होतं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, गाळ होतो. शाळेतल्या पोराला येणारं उत्तर. आणि ते त्यांनी कुठे शोधलं? मी त्यांना जिथे उभं केलं होतं तिथे. दिवसातून दोनदा, महिनाभर, सगळ्यांसमोर हात धुताना त्या मान खाली घालून नुसत्या उभ्या नव्हत्या. बघत होत्या. शास्त्रज्ञ काय वेगळं करतो?

मी म्हणालो, "बघतो."

त्या गेल्या आणि मी दार लावून घेतलं. बाटली काढली, औषध काढलं. किती महिन्यांनी ती बाटली धुतली कुणास ठाऊक. थेंब मोजत गेलो, रंग बदलेना. माझ्या वहीतला आकडा ओलांडला, त्याची दुप्पट ओलांडली, तिप्पट ओलांडली. मला भीती वाटत होती — आणि हेही सांगतो, आनंदही होत होता. ज्यानं आम्हाला दोन महिने छळलं ते सापडलं होतं. त्या क्षणाचा आनंद मी कधी विसरणार नाही.

मग मी वहीची पानं फाडली. मागच्या तारखा टाकून, हळूहळू चढत जाणारे आकडे असलेली नवी पानं लिहिली. आणि मालकांना पुण्याला फोन लावला.

"सापडलं," मी म्हणालो. "मी पाण्यावर नजर ठेवून होतो. हातांचा प्रश्न नाही. पाणी आहे."

मी.

एवढंच घडलं. एका शब्दानं. मी त्यांचं नाव मुद्दाम गाळलं का? फोन उचलताना तसं ठरवलं नव्हतं. पण नाव घेतलं असतं तर मालकांनी विचारलं असतं, टेबलावरच्या बाईला कळलं ते तुमच्या वहीला कसं नाही कळलं? तो प्रश्न मला ऐकायचा नव्हता.

आता जिंकण्याचं सांगतो, कारण ते खरंच पाहण्यासारखं होतं. ज्या शनिवारी चौघींना घरी पाठवायचं होतं, त्याच शनिवारी टँकरनं धरणाचं पाणी आलं. पुण्याहून चुना बांधून ठेवणारं रसायन आलं. मी रात्रंदिवस मशीनशी उभा. मशीन उघडलं, वाफेतून कापड बाहेर आलं, आणि ते वाळून टेबलावर सरकू लागलं तेव्हा सगळा कारखाना भोवती जमला होता. काच, उजेड, आकाशी कापड. सरकतंय, सरकतंय. कमलबाईंच्या हातात खडू. शंभर मीटर झाले. दोनशे. खडू खाली टेकला नाही. शेवटचं टोक गेलं आणि त्यांनी खडू टेबलावर ठेवला. मशीनवरचे गडी शिट्ट्या मारू लागले. नानांनी डोक्यावरची टोपी काढून उडवली. मालक, जे कधी हसत नसत, ते हसले.

कमलबाई मला म्हणाल्या, "बरं झालं मास्तर. कापाड सुटलं."

एवढंच. मी काही बोलेन म्हणून त्या थोडं थांबल्या. मला तसं वाटलं. कदाचित नसतीलही थांबल्या.

जूनच्या आत शेवटचं ठाण गेलं. पंधरा ऑगस्टला आम्ही सगळे घोडेगावात गेलो होतो. वरच्या गावांतली पोरं रांगेनं चालली होती आणि सगळ्यांच्या अंगात आमचं आकाशी. ऊन पडलं होतं. कमलबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, जावेला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बग गं, येक बी ठिपका न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. शेतकऱ्याच्या पोराला ते कळायला हवं होतं — आपण पेरलेलं उगवलेलं बघताना माणूस असा दिसतो.

खंडेनवमीला मशीनना झेंडूच्या माळा घातल्या आणि मालकांनी मला शाल-श्रीफळ दिलं. पाण्याचा दोष शोधल्याबद्दल. मी भाषण केलं. साबणाची गोष्ट पहिल्यांदा तिथे सांगितली — कशी मला सुचली, कसा मी दोन बादल्यांत फेस करून पाहिला. चौघी मागे उभ्या होत्या. टाळ्या वाजवत होत्या. कमलबाईही.

हात बघणं कधी बंद झालं? तसं कुणी जाहीर केलं नाही. नाना स्टुलावरून उठले आणि स्टूल दुसरीकडे गेलं. साबणाची वडी नळाखाली उन्हात पडून तडकत राहिली. त्या चौघींना, निदान त्या दोघींना, कुणी सांगितलं नाही की दोष तुमच्या हातांचा नव्हता. सांगायचं काम माझं होतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

दहाएक वर्षांनी मी नारायणगावजवळच्या दुसऱ्या कारखान्यात होतो. एक दिवस फोन आला. "मास्तर, कमल बोलतीय. वळाखलं का?"

त्या सरपंच झाल्या होत्या. खरोखरच. "नानांनी साबणाची रेघ बगितलीच व्हती," म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. गावाला नळाचं पाणी आणायचं होतं. विहिरीच्या दोन जागा होत्या, एक रस्त्याकडेला, एक वर ओढ्याच्या अंगाला. ठेकेदाराला रस्त्याकडेची सोयीची होती, आणि पाणी गोड असल्याचा कागद त्यानं आणला होता. "तुमी पान्यातलं जानता. गावसभंला या. खरं काय त्ये सांगा."

मी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सभा. सगळा गाव — मराठा आळी, बौद्धवस्ती, सगळे. ठेकेदाराचा माणूस कागद वाचत होता, आकडे छान होते. सगळे थोडेथोडे वरखाली. मला ते आकडे ओळखीचे वाटले. मी दोन्ही पाणी स्वतः जाऊन भरून आणलं होतं आणि तपासलं होतं. तीनदा.

कमलबाईंनी मला विचारलं, सगळ्यांसमोर, "मास्तर, तुमी तपासून सांगताय न्हवं? का वहीत बगून?"

लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र कळलं. त्यांना वही माहीत होती. माझं टेबल खिडकीशी होतं आणि हात धुवायचा नळ त्या खिडकीसमोर. सोमवारी बसून आठवड्याचे आकडे लिहिणारा मास्तर त्यांना महिनाभर दिसत होता. सगळं माहीत होतं त्यांना — त्या शुक्रवारी दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हाही.

"तपासून," मी म्हणालो. "रस्त्याकडेचं पाणी जड आहे. फार जड."

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "हे एकट्याचं म्हणणं झालं."

"येकट्याचं कशाला?" म्हणत कमलबाई उठल्या. त्यांनी दोन बादल्या तयारच ठेवल्या होत्या, आणि पिवळ्या साबणाची वडी. पदर खोचून पहिल्या बादलीत हात घातले, साबण चोळला. गाळ. लोकांना दाखवला. "ह्ये रस्त्याकडंचं." मग दुसरी बादली, ओढ्याकडची. आणि फेस उठला — मनगटावर, कोपरापर्यंत, जमिनीवर सांडला. त्यांनी दोन्ही हात वर केले. पांढरेशुभ्र, फेसानं भरलेले, सगळ्या गावासमोर.

"आता सांगा, डाळ कशात शिजवायची?"

व्हरांडा दणाणून गेला. म्हाताऱ्या हसून हसून वाकल्या. कुणीतरी म्हणालं, "कमलताय, इलेक्शनला बी ह्योच साबण वापरला का?" ठेकेदाराचा माणूस कागद घडी करत होता. विहीर ओढ्याकडे ठरली, तिथल्या तिथे, हात वर करून. आज त्या गावात प्रत्येक घरात नळाला ते पाणी येतं. मी पिऊन आलोय. गोड आहे.

टाळ्या थांबल्यावर कमलबाई म्हणाल्या, "ही युक्ती माजी न्हाई बरं. मास्तरांनी शिकिवली. त्यांच्या कारखान्यात."

आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हातांवरचा फेस हळूहळू विरत होता.

तो टोमणा होता का? मोठेपणा होता? की मला दिलेली जागा — बोल आता, सगळा गाव ऐकतोय? मला आजही माहीत नाही. मला फक्त मी काय केलं ते माहीत आहे. मी उठलो, गावाला हात जोडले आणि टाळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा माझ्या मागे वहीची भीती होती, नोकरी होती, वय कमी होतं. त्या दिवशी काहीच नव्हतं. कुणी मला काही करू शकत नव्हतं. तरी घेतल्या.

परतताना त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडायला माणूस दिला आणि पिशवीत ओढ्याकडच्या पाण्याची बाटली. "मास्तरीनबाईंना सांगा, डाळ लावून बगा म्हनावं." बायकोनं लावली. एका उकळीत शिजली. बायको म्हणाली, छान माणसं आहेत. मी हो म्हणालो.

तर आता, जी गोष्ट माझ्या नावानं फिरते ती खरी अशी आहे.

आकाशी कापडाचा दोष कमलबाईंनी शोधला. साबणाची परीक्षा त्यांची आहे, मी ती कुणाला शिकवली नाही, मला ती त्यांनी शिकवली. पाण्याच्या वहीतले आकडे मी मनानं लिहिले होते. आणि चौघींचे हात स्वच्छ होते. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.